अधिक-उणे

एकवीस वर्षं
सातपूरच्या कंपनीत मी बेअरिंगच्या रिंगा मोजल्या.
खोलीचं तापमान वीस अंश, हातात पांढरे मोजे,
आणि ड्रॉइंगवर आकड्याशेजारी बारीक अक्षरात
अधिक-उणे पाच मायक्रॉन.
एवढं चुकायची मुभा.
त्यापुढे लाल क्रेट.

मार्चमध्ये कंपनी साणंदला गेली.
मशिनं ट्रेलरवर चढली ताडपत्री पांघरून.
आम्हाला विचारलं, येता की हिशेब घेता?
मी हिशेब घेतला.
एचआरची पोरगी म्हणाली, मॅडम, नीट विचार केलाय ना?
म्हटलं, हो.
त्या कंपनीत तेवढंच खोटं बोलले,
आणि पूर्वी एकदा, एका कॅलिपरच्या तारखेबद्दल.

आता तिवंध्याजवळ, एका जिन्याखाली,
पुंडलिक गायधनींच्या दुकानात बसते, दहा ते दोन.
पोटं उघडलेल्या पेट्या, फाटके भाते,
फडक्यावर मांडलेले पितळी सूर.
काका वाजवून दाखवतात.
"हा ऐक. आता हा. चढा कोणता?"
मला दोन्ही सारखेच.

पहिल्या आठवड्यात मी पर्समधून मायक्रोमीटर काढला.
ते हसले नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून बघितलं,
पोरानं शाळेतून बेडूक आणला तर बघावं तसं,
आणि म्हणाले, "चांगलाय. आत ठेव."

टोकाला घासलं की सूर चढतो,
बुडाशी घासलं की उतरतो.
घासायचं कानशीनं.
कानस. शब्दातच कान आहे,
एकवीस वर्षं टूलरूममध्ये वावरून कळलं नव्हतं.
किती घासायचं, काका?
"पुरे वाटेपर्यंत."
वहीत लिहून घेतलं: पुरे वाटेपर्यंत.
पुढे एककासाठी जागा सोडली.

पवननगरच्या घराचा हप्ता पाच तारखेला जातो,
तिथे अधिक-उणे काही नाही.
नणंद फोनवर विचारते, क्लासच आहे ना तो? सर्टिफिकेट देतात?
सुहास काही विचारत नाही.
त्याचं न विचारणं मला हल्ली लख्ख ऐकू येतं.
कान तयार होतोय म्हणायचा.

रात्री तीनला उठून
सहा लाख ऐंशी हजारांना महिन्यांनी भागते.
उत्तर दर रात्री वेगळं येतं.
भागाकार तोच.

ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडलं,
दुकान बंद ठेवून आम्हीही गेलो पुलावर.
क्युसेक कुणी विचारत नव्हतं.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का?
कधीच, कमरेला आलं.
छातीला गेलं की सराफ बाजार.
एक बाई कठड्यावर भाजीची पिशवी टेकवून
हे सगळ्यांना सांगत होती, आणि सगळ्यांना पटत होतं.
अख्ख्या गावाची मोजपट्टी
पुरात उभी, दोन्हीकडे बघत.
कंबर म्हणजे नक्की कुठे,
असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

काल दोन सूर जुळवत होते.
जवळ आले की मधे एक लाट उठते,
वॉं, वॉं, वॉं,
जितकी संथ तितके ते जवळ.
ती मला ऐकू आली.
कुणी न दाखवता.
घासत गेले, लाट लांबत गेली,
जवळजवळ मोडलीच.
"राहू दे," काका पाठमोरेच म्हणाले, "थोडी ठेव."

थोडी म्हणजे किती, मी विचारणारच होते,
तेवढ्यात जिन्याशी एक मास्तर,
शाळेची पेटी रिक्षातून उतरवून घामाघूम.
किती दिवस लागतील?
काकांनी माझ्याकडे बघितलं.
मी पेटीकडे.
भाता गेलेला, तीन सूर मुके, बाकीचं उघडल्यावर.

म्हटलं,
आठ-दहा.